राजाचे बोट

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीडकडच्या खेड्यांतून एक निराळीच लगबग सुरू होते. घरात चिवड्याचा डबा अजून पुरता रिकामा झालेला नसतो, आणि इकडे कोयत्यांना धार लागत असते. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्चून गेलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे हिशेबाच्या भाषेत ‘एक कोयता’, भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि पोरे गाडीत भरून सहा महिन्यांसाठी ऊस तोडायला निघते. मागे गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि दारांची कुलपे. माझे लहानपण अशाच गाड्यांवर गेले. शिक्षण मॅट्रिकवर थांबले त्याचे कारण तेच, आणि पुढे हातात खडू आला तोही उसाच्याच फडावर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका कारखान्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या साखरशाळेत मी शिकवीत होतो. साखरशाळा म्हणजे तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी हंगामापुरती उघडलेली शाळा. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की शाळाही उठते. तिथे इयत्ता ठरलेली नाही की पट ठरलेला नाही. आज आलेला मुलगा फड बदलला की उद्या दुसऱ्या गावी. अशा वर्गाला धरून ठेवण्याचा एकच उपाय मला ठाऊक होता, आणि तो म्हणजे गोष्ट.

त्या दिवशी मी बोट कापलेल्या राजाची गोष्ट सांगितली. आपण सर्वांनी ती कोणा ना कोणाच्या तोंडून ऐकलेली आहे. राजाचे बोट कापते. प्रधान म्हणतो, ‘महाराज, जे होते ते बऱ्यासाठीच.’ राजा चिडून त्याला तुरुंगात टाकतो. पुढे शिकारीला गेलेला राजा रानात एकटा सापडतो. रानातले लोक त्याला देवीपुढे बळी द्यायला नेतात, आणि ऐन वेळी त्यांच्या ध्यानात येते की ह्याला एक बोट नाही. व्यंग असलेला बळी देवीला चालत नाही. राजा सुटतो, धावत येऊन प्रधानाला मोकळे करतो आणि विचारतो, ‘माझे बोट कापले ते बऱ्यासाठी, हे पटले. पण तू तुरुंगात खितपत पडलास ते कसे काय बऱ्यासाठी?’ प्रधान हसून म्हणतो, ‘महाराज, मी मोकळा असतो तर शिकारीत तुमच्याबरोबर असतो. मग तुम्हांला सोडून त्यांनी मलाच धरले असते!’

गोष्ट मोठी ठाकठीक आहे. शेवटाला पोरे हसतात असा माझा नेहमीचा अनुभव. त्या दिवशीही हसली. हसणे ओसरल्यावर मागच्या ओळीतला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उठून उभा राहिला.

“गुर्जी, राजा सुटला. परधान बी सुटला. मंग देवीला बळी कुणाचा दिला?”

मी म्हणालो, “गोष्टीत ते सांगितलेले नाही.”

“पर दिला आसंल की कुणाचा तरी,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मधल्या सुट्टीत इतर पोरांनी मला जे सांगितले ते ऐकून माझ्या पायांतले बळच गेले. तो मुलगा नुकताच गावाहून वर्गात परतला होता. भरलेली गाडी कारखान्यावर न्यायची पाळी त्याच्या चुलत्याची होती. त्या रात्री चुलत्याला ताप भरला, म्हणून ह्याचा बाप गाडी घेऊन गेला. अंधारात मागून आलेल्या ट्रकवाल्याला गाडी दिसली नाही. तेव्हापासून कोप्यांवर जो तो चुलत्याकडे बघून म्हणत होता, ताप आला म्हणून हा तरी वाचला, देव करतो ते बऱ्यासाठीच. मुलाने ते ऐकले होते. आणि मी, त्याचा मास्तर, तीच मात्रा गोष्टीच्या मधात कालवून त्याला पुन्हा चाटविली होती!

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे राहून राहून एक परका मास्तर येऊन उभा राहत होता. त्याचे नाव पांग्लॉस.

ह्या गृहस्थाची नि माझी ओळख जुनी. विशीत असताना, कादंबरीकार होण्याचे वेड डोक्यात शिरले होते त्या दिवसांत, एका रद्दीवाल्याकडे मला पाने सुटलेले एक इंग्रजी पुस्तक मिळाले. व्हॉल्टेअर ह्या फ्रेंच लेखकाच्या ‘कांदीद’चे ते भाषांतर होते. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोशाची काठी टेकीत टेकीत मी ते वाचले आणि पोट धरधरून हसलो. त्या रात्री ट्रंकेच्या तळातून ते पुन्हा काढले. हसू ह्याही वेळी येत होते, पण घशात अडकत होते.

युरोपातले अठरावे शतक हे बुद्धीच्या उजेडाचे शतक मानले जाते. पण उजेड पाडणाऱ्याला तेव्हा तुरुंगाची वाट दूर नव्हती. म्हणून त्या काळच्या लेखकांनी एक युक्ती काढली. जे उघड बोलायची सोय नाही ते गोष्टीच्या आडून बोलायचे. माँतेस्क्यूने १७२१ साली इराणी प्रवाशांच्या पत्रांतून पॅरिसची टर उडविली. स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरला बुटक्यांच्या आणि धिप्पाडांच्या देशांत धाडून आपल्या इंग्लंडची लाज उघडी केली. ते पुस्तक आपण आज मुलांच्या हातात देतो, हीही एक मौजच. व्हॉल्टेअरने तर तरुणपणी राज्यकर्त्यांवर टवाळ कविता केल्याबद्दल बास्तिलच्या तुरुंगात अकरा महिने काढले होते. त्यामुळे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, १७५९ साली, ‘कांदीद’ छापताना त्याने तिच्यावर स्वतःचे नाव घातलेच नाही. डॉक्टर राल्फ नावाच्या कोणा जर्मन गृहस्थाच्या पुस्तकाचे हे भाषांतर आहे, अशी थाप त्याने ठोकून दिली, आणि लोक विचारू लागले तेव्हा चक्क कानांवर हात ठेवले. जिनिव्हात पुस्तक जाळण्याचा हुकूम झाला, पॅरिसच्या पोलिसांनी प्रती जप्त केल्या. त्याच वर्षात पुस्तकाच्या डझनाहून अधिक आवृत्त्या निघाल्या!

गोष्ट एका मास्तराची आणि त्याच्या शिष्याची आहे. विशीत वाचताना हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कांदीद हा जर्मनीतल्या एका सरदाराच्या गढीत वाढलेला साधाभोळा मुलगा, आणि पांग्लॉस हा त्या गढीतला शिक्षक. लायब्निट्स ह्या थोर गणितज्ञ तत्त्ववेत्त्याने १७१० साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले होते की, ईश्वर सर्वज्ञ आणि दयाळू असल्यामुळे, जी जी जगे संभवत होती त्यांतले सर्वांत चांगले तेवढे निवडूनच त्याने हे जग निर्माण केले. सिद्धांत मोठा खोल आहे. पण असा सिद्धांत पंडिताच्या मेजावरून उतरून मास्तराच्या तोंडी बसला की त्याचे काय होते, ते पांग्लॉसमध्ये पाहावे. नाक कशासाठी, तर चष्मा टेकायला. म्हणून तर जगात चष्मे आहेत, असा त्याचा खाक्या. शिष्य हे सगळे मनोभावे ऐकतो. मग सरदाराच्या मुलीचे चुंबन घेतले म्हणून त्याला गढीतून लाथ मारून हाकलतात, आणि त्या सर्वोत्तम जगाची ओळख त्याला रस्त्यावर होऊ लागते. युद्ध, भूक, रोगराई, जहाजफुटी, एकामागून एक. पुढे मास्तरही भेटतो, भिकाऱ्याच्या वेषात, नाकाचा शेंडा झडलेला. चष्मा टेकायलाही जागा उरलेली नाही. सिद्धांत मात्र शाबूत!

ही गोष्ट व्हॉल्टेअरला सुचली तिच्यामागे एक खरे संकट होते. १ नोव्हेंबर १७५५ ह्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी साडेनऊच्या सुमारास पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली. सणामुळे चर्चे भाविकांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. छपरे पडली ती प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावर, आणि पडलेल्या दिव्यांनी आगी लावल्या. जे नदीकाठाकडे धावले त्यांना समुद्राच्या लाटांनी गाठले. मृतांचे अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. व्हॉल्टेअर हादरून गेला. त्याने आधी त्यावर एक दीर्घ कविता लिहिली, आणि तीन वर्षांनी ही हसरी गोष्ट.

त्या गोष्टीतला एक प्रसंग त्या रात्री मी चारदा वाचला. लिस्बनच्या बंदरात शिरताना वादळात जहाज फुटते. जहाजावर झाक नावाचा एक सज्जन असतो. कांदीदला आणि पांग्लॉसला अन्नाला लावणारा तोच. एक दांडगट खलाशी त्याला ठोसा मारतो, आणि त्याच झोकात स्वतः बाहेर फेकला जाऊन डोलकाठीला लोंबकळतो. झाक धावतो, त्याला वर ओढून घेतो, आणि त्या धडपडीत आपण समुद्रात पडतो. खलाशी वळूनही पाहत नाही. कांदीद उडी टाकायला जातो तर पांग्लॉस त्याला धरून ठेवतो आणि पटवून देऊ लागतो की, हे बंदर मुळात ह्या गृहस्थाने बुडावे ह्यासाठीच घडले आहे. तो ते सिद्ध करीत असतानाच जहाज दुभंगते. मास्तर, शिष्य आणि तो खलाशी एवढेच तिघे वाचतात.

चाळीस पानांचे तत्त्वज्ञान जे करू शकले नसते ते ह्या दहा ओळींनी केले आहे. वाचलेला माणूस ‘बऱ्यासाठीच’ म्हणतो तेव्हा त्याची पाठ बुडालेल्याकडे असते. माझ्या वर्गातल्या पोराने नेमके तिथेच बोट ठेवले होते. राजाला बोट गेल्याचा फायदा झाला, प्रधानाला तुरुंगाचा झाला. पण देवीपुढचा सुरा काही म्यानात परत गेला नव्हता.

भूकंपानंतर लिस्बनमध्ये दुसऱ्या तऱ्हेचे पांग्लॉसही निघाले. मालाग्रिदा नावाच्या एका धर्मोपदेशकाने पुस्तिका काढून सांगितले की, ही लिस्बनच्या पापांची शिक्षा आहे. हा मोह थोरांनाही सुटत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले होते. हेतू उदात्त होता, तरी रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला. लिस्बनमध्येही एक निराळा माणूस होता. राजाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेला. त्याने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नांची यादी धाडली. हादरा किती वेळ चालला? समुद्र आधी मागे हटला की वर चढला? घरे किती पडली, माणसे किती गेली? भूकंपाच्या शास्त्राची एक सुरुवात त्या यादीत आहे असे जाणकार मानतात. मला त्या यादीत एक माणुसकीही दिसते. हे का झाले ते सांगण्याआधी, काय झाले ते विचारावे, इतकी ती साधी आहे.

दिवाळीच्या अंकात असले काही लिहू नये, असे वाचकांना वाटत असेल. पण ‘कांदीद’मधला एक प्रसंग तर थेट आपल्या फराळाच्या ताटाशी येऊन भिडतो. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, डचांच्या उसाच्या मुलुखात, कांदीदला रस्त्याकडेला पडलेला एक गुलाम भेटतो. त्याचा डावा पाय नाही नि उजवा हात नाही. चरकात बोट सापडले की हात तोडतात, पळून जाऊ पाहिले की पाय तोडतात. माझ्या बाबतीत दोन्ही झाले, असे तो शांतपणे सांगतो, आणि युरोपातले लोक साखर खातात ती ह्या किमतीला, हेही सांगतो. व्हॉल्टेअर इथे विनोद करीत नाही. कांदीद रडतो, आणि आपल्या मास्तराचा सिद्धांत प्रथमच मोठ्याने टाकून देतो. राजाच्या बोटाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. चरकात सापडलेल्या बोटाची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्या शेवटी हसायला येत नाही.

शेवटच्या प्रकरणात ही सारी मंडळी फिरून फिरून तुर्कस्तानात एका लहानशा शेतावर येऊन ठेपतात. तिथे पांग्लॉस कबूल करतो की आयुष्यभर आपण हालच काढले; पण एकदा सर्व उत्तम आहे असे म्हणून बसलो, म्हणून तेच म्हणत राहिलो, विश्वास मात्र बसत नव्हता. हे वाचून कोणा मास्तराला स्वतःची आठवण होणार नाही? आणि एवढी कबुली देऊनही त्याची खोड जात नाही. गढीतून हाकलला गेला नसतास, धर्मन्यायालयाच्या तावडीत सापडला नसतास, सगळे गमावले नसतेस, तर आज इथे बसून हा मुरांबा नि पिस्ते कोठून खात असतास, असा हिशेब तो कांदीदला मांडून दाखवितो. आमच्या प्रधानाचाच हा युक्तिवाद! कांदीद त्याच्याशी वाद घालीत नाही. बोललात छान, पण आता आपल्या बागेची मशागत केली पाहिजे, एवढ्या अर्थाचे काहीसे म्हणतो, आणि गोष्ट संपते. प्रत्येक जण कामाला लागलेला असतो. एके काळची ती सरदारकन्या सुद्धा आता उत्तम मिठाया बनवू लागलेली असते.

व्हॉल्टेअरवर एक आक्षेप त्याच्या हयातीतच आला होता. लिस्बनवरची कविता वाचून रूसोने १७५६ साली त्याला लांबलचक पत्र लिहिले. त्याचे म्हणणे असे की, तुम्ही दुःखी माणसाचे उरलेसुरले समाधानही काढून घेता. आणि सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरे दाटीने बांधली ती काही निसर्गाने नव्हे. दोन्ही मुद्दे बिनतोड वाटतात. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या मुलाची आई, ‘देवाची करणी’ म्हणून डोळे पुसत होती. ते तिच्यापासून हिरावून घेणारा मी कोण? ज्याची जखम त्याने कोणते मलम लावावे हा त्याचा प्रश्न. पण तेच शब्द शेजारी म्हणतो, मुकादम म्हणतो, मास्तर म्हणतो, तेव्हा ते मलम राहत नाही. दार लावून घेण्याची ती एक सभ्य रीत होते. व्हॉल्टेअरची थट्टा ह्या दार लावणाऱ्यांची आहे. रडणाऱ्याला तो सहसा हसत नाही. आणि बाग म्हणजे त्याने कुंपण घालून बसण्याची जागाही केली नाही. तुलूझ शहरात झाँ कालास नावाच्या एका प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलाचा खून केल्याचा खोटा आळ घेऊन १७६२ साली चाकावर हाडे मोडून मारण्यात आले. तेव्हा हा म्हातारा तीन वर्षे लेखणी घेऊन झगडला, आणि १७६५ साली त्या मृताला निर्दोष ठरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलाच्या कोपीवर गेलो. जाताना मनाशी ठरविले होते की, काही समजावून सांगायचे नाही. चुलता बाहेर बसला होता. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “गुर्जी, समदी म्हणत्यात मी वाचलो. मला काय तसं वाटंना.”

गोष्टीतल्या राजाला कोणी हे विचारलेच नव्हते!

मी फक्त विचारीत गेलो. गाडी किती वाजता निघाली, काट्यावर नंबर किती वेळाने लागतो, रस्त्यावर दिवे कोठे आहेत, गाडीला मागे काही चमकणारे होते का? काही नव्हते. कोणाच्याच गाडीला नव्हते. रविवारी मी तालुक्याला जाऊन तांबड्या चमकत्या पट्ट्यांचे एक भेंडोळे आणले आणि वर्गात सांगितले, ह्या आपण गाड्यांच्या मागच्या फळीला चिकटवू. पोरे उठलीसुद्धा. तेवढ्यात मागच्या ओळीतून आवाज आला, “फळीला नगं, गुर्जी. ऊस भरला की समदं झाकून जातंया.”

मॅट्रिक मास्तराला हे सुचले नव्हते. मग पोरांनी डब्यांची जुनी झाकणे गोळा केली, त्यांवर पट्ट्या चिकटविल्या, आणि तारेने ती सगळ्यांत मागच्या मोळीला लोंबत बांधायची असे ठरले. पहिले झाकण त्या मुलाने आपल्या चुलत्याच्या गाडीला बांधले. बांधून झाल्यावर तो ट्रकच्या उंचीवरून दिसेल तसे पाहायला रस्त्याकडेच्या बांधावर चढला, आणि तिथून ओरडला, “आजून खाली घ्या!”

ती गोष्ट मी अजूनही मुलांना सांगतो. पोरे हसतात. हसणे ओसरले की मीच विचारतो, “मग देवीला बळी कोणाचा दिला?” मुले नाना तऱ्हेची उत्तरे देतात. कोणी म्हणते, राजाने परत जाऊन त्याला सोडवून आणायला हवे होते. एक मुलगी म्हणाली, गोष्ट तिथून पुढे लिहायची राहिली आहे.

मला तिचे म्हणणे पटले. कादंबरीकार म्हणून माझ्या नावावर दोन पुस्तके आहेत, पण त्या गोष्टीचा पुढचा भाग मला अद्याप लिहिता आलेला नाही.